मंडईचं घड्याळ, दवाखान्याचं घड्याळ

आमच्या गावाला पुणं म्हणजे मंडई. शनिवारवाडा, पर्वती ही नावं शाळेच्या पुस्तकात होती. पण घरातलं माणूस 'पुण्याला जातो' म्हणायचं ते मंडईला जातो याच अर्थानं. गाव पुरंदर तालुक्यातलं, दिवे घाटाच्या वरच्या अंगाला. रान सगळं पावसावरचं. पाऊस बरा झाला तर वाटाणा, घेवडा, आणि बांधाला सीताफळाची झाडं. दिवसभर तोडा करायचा, दिवेलागणीला डाग बांधायचे, रात्रीच्या मालट्रकमध्ये टाकायचे आणि घाट उतरून, हडपसर मागं टाकून उजाडायच्या आत मंडईत पोचायचं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांबरोबर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चौथीत होतो. पोत्यांवर झोपलो होतो. जाग आली ती आरडाओरड्यानं. डोळे उघडले तर समोर काळ्या दगडाची प्रचंड इमारत, मधोमध मनोरा, आणि खाली कंदील-दिव्यांच्या उजेडात पळणारी माणसं. मला वाटलं, पुण्यात रात्र होतच नसावी.

ही इमारत १८८६ साली उभी राहिली. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते, म्हणून तिचं नाव 'रे मार्केट'. पुढं आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. फुल्यांच्या पूर्वजांचं खानवडी हे गाव आमच्याच पुरंदरातलं. त्यामुळं गावाकडची म्हातारी माणसं मंडईत पाय ठेवताना जरा छाती काढूनच ठेवायची.

मंडईचं घड्याळ वेगळं चालायचं. घाऊक बाजार तेव्हा गुलटेकडीला गेला नव्हता. रात्री दोन-अडीचला गाड्या लागायच्या. हमाल डाग उतरवायचे, पहाटे आडत्याच्या गाळ्यावर लिलाव व्हायचा, उजाडल्यावर किरकोळीवाल्या बायका पाट्या भरून घ्यायच्या. नऊपासून दुपारपर्यंत हातगाड्यांची धांदल: खानावळी, हॉटेलं, पेठापेठांतली दुकानं यांचा माल पोचवायचा. दुपारी हिशेब. आडत, हमाली, तोलाई वजा करून पट्टी हातात पडायची. दुपारनंतर मंडईतला कष्टकरी माणूस जिथं सावली मिळेल तिथं आडवा व्हायचा. हे घड्याळ मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

१९७२ चा दुष्काळ आला. विहिरीनं तळ दाखवला, बैल विकले. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, घरात लाल मिलोची भाकरी. दादा मंडईत गेले. या वेळी डाग विकायला नाही, डाग उचलायला. ज्या आडत्याकडं वीस वर्षं माल घातला होता त्याच्याच गाळ्यावर ते हमाली करू लागले. उचल घेतलेली होती, ती फेडायची होती. झोपायचं गाळ्याच्या कडेला, पोती अंथरून. एकाशेजारी एक अशी सात-आठ माणसं. खाणं म्हणजे दोन वेळचा चहा-पाव आणि एखादेवेळी खानावळ.

सहा महिन्यांनी घरी आले तेव्हा खोकत होते. आई म्हणाली, "अवं, जरा डाक्टरला दावा की." दादा म्हणाले, "दावलंय. बाटली दिलीय त्यानं."

बाटली खरंच होती. लाल औषधाची. एका सरकारी दवाखान्यात त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. बाटली संपली, खोकला राहिला. मग पेठेतल्या एका खाजगी डॉक्टरकडं जाऊ लागले, कारण तो रात्री दहापर्यंत बसायचा. तो सुई टोचायचा, पैसे घ्यायचा, दोन दिवस बरं वाटायचं. अशी दहा-बारा सुयांची रक्कम आडत्याच्या वहीत दादांच्या नावावर चढली. शेवटी कुणा शहाण्या माणसानं थुंकी तपासायला लावली तेव्हा क्षय निघाला.

औषध फुकट होतं. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुष्कळांना वाटतं की गरिबाला औषध परवडत नाही म्हणून तो मरतो. दादांना रोज सुई आणि गोळ्या फुकट मिळणार होत्या. सुरुवातीला दोन महिने रोज सुई, आणि गोळ्या एकूण दीड वर्ष. डॉक्टर चांगले होते, कंपाउंडरही काही दुष्ट नव्हता. फक्त केसपेपर काढायची खिडकी नऊला उघडायची आणि अकराला बंद व्हायची. आणि नऊ ते अकरा म्हणजे हातगाडीची पाळी. पाळी सोडली की ती दुसऱ्याला जायची, आणि मुकादम म्हणायचा, "उद्यापास्नं नको येऊ." दादा एक दिवस सुईला जायचे, एक दिवस कामाला. असं करत महिना-दीड महिना गेला. खोकला थांबला, तोंडावर जरा तजेला आला. तेवढ्यात ७३ चा पाऊस लागला, आणि चांगला लागला.

पाऊस लागल्यावर कुणबी शहरात राहत नाही. दवाखान्यात सांगितलं, तालुक्याच्या गावी जाऊन औषध घ्या. तिथं जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि सगळा दिवस. पेरणी तोंडावर. बैल भाड्याचे, ते मिळतील त्या दिवशीच पेरायचं. दादा दोनदा गेले. एकदा गोळ्या आल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा गेले नाहीत. अंगात ताकद वाटत होती, मग माणूस कशाला जाईल? पुढच्या थंडीत रक्त पडलं. परत मंडई, परत दवाखाना. १९७६ साली, मी दहावीला असताना, ते गेले.

त्यांचा केसपेपर मी पुष्कळ वर्षं जपून ठेवला होता. खाली शेवटची नोंद होती, दोन शब्दांची: 'रुग्ण अनियमित.'

पुढं मी आरोग्य खात्यात कामाला लागलो. वडील क्षयानं गेले म्हणून लागलो असं सांगितलं तर छान वाटेल. पण खरं म्हणजे जागा निघाल्या होत्या आणि घरात कुणीतरी पगार आणणं भाग होतं. मात्र कामात राहिल्यानं एक झालं. प्रशिक्षणात, वाचनालयात, जिथं सापडेल तिथं मी एकाच प्रश्नाचं वाचत गेलो: औषध आहे, डॉक्टर आहे, तरी माणूस दवाखान्यापासून लांब का राहतो?

या प्रश्नाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भयानक उत्तर पुण्यातच सापडलं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला, आणि वर्ष पालटताना तो पुण्यात पसरू लागला. सरकारनं फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला आणि मार्चमध्ये रँडसाहेबाला प्लेग कमिटीवर नेमलं. कागदावर बघितलं तर त्या व्यवस्थेत कसली कसर नव्हती. घरोघर तपासणी, रोग्यासाठी वेगळं इस्पितळ, सहवासातल्या माणसांसाठी वेगळ्या छावण्या, घराची धुलाई. पण तपासायला आले गोरे सोल्जर. ते देवघरात शिरले, बायाबापड्यांना उघड्यावर तपासलं, सामान जाळलं. हा अपमान आपल्या इतिहासात नीट नोंदलेला आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तेही सगळ्यांना पाठ आहे.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती मंडईमुळं दिसते. घरात एकाला प्लेग झाला की सगळं घर छावणीत. ज्याच्या घरात वर्षाचं धान्य आहे त्याला ती गैरसोय, अपमान. पण ज्याची चूल आजच्या हमालीवर पेटते, त्याच्यासाठी छावणी म्हणजे उपास. आणि परत येईपर्यंत अंथरूण-पांघरूणही जळालेलं. अशा माणसानं रोगी लपवला तर त्याला अडाणी म्हणायचं का? लोकांनी रोगी लपवले, मयतं लपवली, हजारो माणसं शहर सोडून गेली. जितका धाक वाढला तितका रोग आत दडला. सरकारी यंत्रणा जोरात चालली होती, पण ज्याच्यासाठी चालली होती तोच तिच्यापासून पळत होता.

त्याच वेळी, त्याच मार्च महिन्यात, हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळावर दुसरा एक दवाखाना चालू होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी तो उभा केला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून तिथं आणलं, असं सांगतात. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दादांचा ट्रक ज्या हडपसरवरून मंडईत यायचा त्याच वाटेवरची ही जागा. औषध प्लेगवर दोन्हीकडं नव्हतंच. फरक एवढाच की एकीकडं रोग्याला धरून नेत होते आणि दुसरीकडं पाठीवरून नेत होते. लोकांना तो कळत होता.

नंतर मी मद्रासचा प्रयोग वाचला. १९५६ साली तिथं एक केंद्र सुरू झालं. प्रश्न असा होता: क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवून, दूध-अंडी खाऊ घालून औषध दिलं, आणि दुसऱ्याला त्याच्याच गर्दीच्या, गरीब घरात ठेवून औषध दिलं, तर किती फरक पडतो? १९५९ मध्ये निष्कर्ष आला. जवळजवळ काहीच फरक पडला नाही. घरी राहिलेले रोगी कमी खात होते, जास्त कष्ट करत होते, तरी बरे झाले. हे वाचून सगळ्या जगानं आरोग्यधामं बंद करायला घेतली, आणि आपल्याकडं १९६२ पासून गावोगाव घरी औषध देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दादांच्या गोळ्या त्याच कार्यक्रमातल्या. पण मद्रासच्या त्या रोग्यांच्या घरी केंद्राची माणसं जात होती, औषध घेतलं का बघत होती, चुकलेल्याला हुडकत होती. गोळी सगळ्या देशात पोचली. हुडकणारा माणूस तेवढा पोचला नाही.

आणखी एक अभ्यास वाचला तेव्हा तर मी पुस्तक मिटून बसलो. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डॉ. बॅनर्जी आणि अँडरसन हे तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत गेले. खेडुतांना रोगाची जाण नसते, ते दवाखान्यात जातच नाहीत, असं तेव्हा धरून चालत. त्यांना उलटंच दिसलं. क्षयाच्या निम्म्याहून जास्त रोग्यांनी आपण होऊन दवाखाना गाठला होता, आणि तिथून बहुतेकांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवलं होतं. हा अभ्यास १९६३ साली छापला गेला. दादांना लाल बाटली मिळाली ती त्यानंतर दहा वर्षांनी.

इतकं वाचून मी शहाणा झालो असेन असं वाटेल. तसं झालं नाही. नोकरीच्या मधल्या वर्षांत मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर माझी नेमणूक होती. कोथिंबीर-मेथी विकणारी एक बाई औषधाला यायची. मंडईच्या कडेला, फुटपाथवर बसायची. तीनदा आली, मग यायची थांबली. महिनाअखेरीला रजिस्टर भरताना मी तिच्या नावापुढं लिहिलं: 'रुग्ण अनियमित.' पेन खाली ठेवलं आणि आपण काय लिहिलं ते माझ्या ध्यानात आलं. अक्षर माझं होतं, पण वाक्य तेच होतं, दादांच्या केसपेपरवरचं.

त्या दिवशी सुटल्यावर मी तिला शोधत गेलो. मला बघून ती घाबरली. पाटी झाकायलाच लागली, जणू मी अतिक्रमणवाला आहे.

"मावशी, औषध का सोडलं?" मी विचारलं.

"सोडलं न्हाय भाऊ. सकाळचं गिऱ्हाईक सोडून कशी येऊ? आन जागेवरनं उठले तर जागा ऱ्हाती व्हय? दुसरी बसतीया."

"मग दुपारी यायचं."

"दुपारी तुमी असता का?"

मी गप्प बसलो. आम्ही नसायचो.

१९९७ पासून देशात समोर गोळी गिळायला लावायची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. लोक तिला 'डॉट्स' म्हणतात. प्रत्येक रोग्याच्या नावाचा एक डबा, त्यात पूर्ण औषध आधीच बाजूला काढून ठेवलेलं, म्हणजे मधेच 'गोळ्या आल्या नाहीत' हा प्रकार नाही. पण आठवड्यातून तीन दिवस रोग्यानं यायचं. नियम चांगला होता, घड्याळ मात्र तेच. मात्र या पद्धतीत एक सोय होती: गोळी देणारा माणूस सरकारीच असला पाहिजे असं नव्हतं. रोग्याच्या घरचा नको, पण विश्वासाचा आणि हाताशी असणारा हवा. त्या सोयीचा आधार घेऊन आम्ही मंडईतल्या एका चहावाल्याला विचारलं. तो पहाटे तीनला स्टोव्ह पेटवायचा. साखरेच्या डब्याशेजारी त्यानं औषधाचे डबे ठेवले. हमाल, हातगाडीवाले, पाटीवाल्या बाया चहाला यायच्याच. तो आधी गोळ्या द्यायचा, मग चहा. कार्डावर खूण करायचा. कुणी चुकला तर त्याला माझ्याआधी कळायचं, कारण माणूस कुठल्या गाळ्यावर झोपतो, कुणाकडं उचल आहे, गावाला कधी जातो, हे सगळं त्याला ठाऊक. मावशी त्याच्याच डब्यावर बरी झाली.

सगळेच बरे झाले असं सांगणार नाही. एक हमाल दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. एकाला दारूनं नेलं. एका पोराला औषध चालू असताना मुकादमानं कामावरून काढलं, कारण टीबी आहे हे कळलं. मग तो कुठं गेला ते चहावाल्यालाही सापडलं नाही. रोग्याची रोजी सांभाळणं आमच्या डब्यात नव्हतं.

ते काम दुसऱ्यांनी केलं होतं, आणि त्यातला पहिला माणूस डॉक्टरच होता हा योगायोग नाही. डॉ. बाबा आढाव नाना पेठेत दवाखाना चालवायचे. त्यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, हमालाच्या मजुरीला आणि हक्काला कागदाचा आधार मिळाला. १९७४ मध्ये हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' सुरू केली: कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण. मला नेहमी वाटतं, दादांना ही भाकर दोन वर्षं आधी मिळाली असती, आणि पाळी सोडली तरी काम जाणार नाही असा एखादा कागद त्यांच्या हातात असता, तर त्याच दवाखान्यात, त्याच सुईनं ते बरे झाले असते.

१९७१ साली, म्हणजे आमच्या दुष्काळाच्या तोंडावर, वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या भागातल्या ट्यूडर हार्ट नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवलं की जिथं गरज जास्त तिथंच चांगली सेवा कमी पोचते. त्याचे रोगी खाणकामगार, माझे हमाल. बाकी फारसा फरक नसावा. आता आपल्याकडं सरकारनंही थोडं ओळखलंय. २०१८ पासून क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत सकस खाण्यासाठी महिन्याला पाचशे रुपये थेट खात्यात मिळू लागले; २०२४ मध्ये त्याचे हजार झाले. औषधाच्या कार्यक्रमात भाकरीचा हिशेब आला, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठीही बँकेचं खातं हवं, कागद हवेत, आणि ते करायला एक दिवस हवा. तो दिवस कुणाचा बुडतो, हे अजून विचारावं लागतं.

निवृत्त व्हायच्या आधी मी नव्या पोरांना प्रशिक्षण द्यायला जायचो. पहिल्या दिवशी वर्गात बसवायचो नाही. पहाटे तीनला मंडईत बोलवायचो. चहा पाजायचो आणि सांगायचो, दुपारी बारापर्यंत इथंच उभे राहा, आणि मग मला सांगा, यातला माणूस आपल्याकडं कधी येऊ शकेल. काही पोरं कुरकुर करायची. पण त्यानंतर त्यांच्या रजिस्टरात 'अनियमित' हा शब्द कमी यायचा. त्याजागी काही काही पोरं लिहायची: 'पाळी सकाळची, संध्याकाळी भेटणे.'